रिलीव्हर येईपर्यंत

४ जानेवारी, रविवार

अण्णांना सांगितलं एकदाचं. म्हणजे अर्धंच सांगितलं. "पाय बरा होईपर्यंत आडगावच्या पुढे एक चांगलं ठिकाण आहे, तिथे राहा. सिस्टर असतात, डॉक्टर येऊन बघतात." पोहे खात होते. दाणे एकेक करून ताटलीच्या कडेला काढत होते, चावत नाहीत म्हणून. म्हणाले, "किती दिवस?" म्हटलं, "महिनाभर." बोलताना जीभसुद्धा अडखळली नाही माझी. छप्पन्न वर्षांची बाई, आणि सासऱ्याला धडधडीत खोटं.

परवा शुक्रवारी तिथला फॉर्म भरला. 'तात्पुरते' आणि 'कायम' असे दोन चौकोन होते. मी 'कायम'वर टिक केली. त्याच पेनाने हे लिहितेय.

५ जाने., सोम.

शोभाताईंचा फोन, पिंपळगावहून. अण्णांची एकुलती लेक, माझी नणंद. "लोक काय म्हणतील गं मंगल? सुधीर असता तर अण्णांना असं…" सुधीर असता तर! नऊ वर्षं झाली त्यांच्या भावाला जाऊन, आणि ह्यांना वडील आठवतात ते दिवाळीला. म्हटलं, "मग न्या तुमच्याकडे." लगेच द्राक्षाचा हंगाम निघाला. पॅकिंगला चाळीस बायका, घरात पाऊल टाकायला जागा नाही, वगैरे वगैरे. "तू काही वाईट करणार नाहीस, माझा विश्वास आहे."

बोलाचीच कढी. फोन ठेवला आणि मग अर्धा तास भांडी आपटली.

७ जाने., बुध.

डिसेंबरातलं लिहिलंच नव्हतं. लिहवत नव्हतं. आज लिहून टाकते, म्हणजे उद्या माझं मन डळमळलं तर वाचता येईल.

त्या दिवशी मी साडेनऊला ऑफिसला गेले. अकराच्या सुमारास अण्णा बाथरूममध्ये पडले. मी आले पावणेसातला. तोवर तसेच, ओल्या फरशीवर, पाय मुरगळलेला. दुपारी मी फोन केला होता, जेवलात का विचारायला. उचलला नाही तर म्हटलं झोपले असतील. फोन बाहेर टीपॉयवर वाजत होता आणि त्यांना आत ऐकू येत होता. मला बघून काय म्हणाले? "आलीस? नळ बंद कर आधी. टाकी रिकामी होईल."

बाई ठेवून बघितली. दोन ठेवल्या. पहिलीला घर लांब पडलं. दुसऱ्या छबूबाई चांगल्या होत्या, पण अण्णा त्यांची यायची वेळ वहीत लिहायचे. 'सव्वानऊची वेळ, आल्या ९.२२.' पंधरा दिवसांनी छबूबाईंनी मला वही दाखवली. "ताई, मी काय चोर हाय का?" गेल्या.

माझ्या नोकरीला दोन वर्षं राहिलीत. ओंकार बंगळूरला. तो म्हणतो, आई तुला जे बरोबर वाटेल ते. हे सगळ्यात सोपं उत्तर आहे, पोरा.

१० जाने., शनि.

आज सोडून आले.

सकाळी आठलाच अण्णा तयार. इस्त्रीचा शर्ट, काळे बूट, कानटोपी. बॅग दाराशी. मी म्हटलं निघू या, तर म्हणाले, "थांब. चार्ज द्यायचाय."

चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. तिथला त्यांचा नियम मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. आपली शिफ्ट संपली म्हणून उठून जायचं नाही. पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येणार. त्याला काय चालू, काय बंद, काय बिघडलंय सगळं सांगायचं, लॉगबुकात लिहायचं, त्याची सही घ्यायची. मगच खुर्ची सोडायची. तो आलाच नाही तर तसंच पुढे बसायचं, डबल ड्यूटी. सुधीर जन्मला तेव्हा अण्णा डबल ड्यूटीवर होते. मुलगा झाल्याचं फोनवर कळलं, तोंड बघितलं दुसऱ्या दिवशी. हे सांगताना त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. अभिमानच.

तर मला घेऊन काठी टेकत घरभर फिरले. वहीत लिहिलेलं असं:

गॅस – रेग्युलेटर बंद. गिझर – बंद. तुळस – पाणी दिले. मागचे दार – वरची कडी लागत नाही, खालची लावणे. पेंडिंग – १) गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो. २) मंगल बी.पी.ची गोळी चुकवते.

मी हसले. म्हटलं, "अण्णा, हे काय, मी पण पेंडिंग?" ते हसले नाहीत. "पेंडिंग घेणाऱ्याच्या गळ्यात असतं. वाच आणि सही कर." केली. 'चार्ज घेतला. मंगल.' वेळ घातली ८.४०. मग त्यांनी बूट पुसले आणि जिना उतरले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मीच बघत होते.

तिथे फार काही झालं नाही. खोली स्वच्छ, दोन पलंग, खिडकीतून द्राक्षबाग दिसते. मॅनेजर गोड बोलणारा. मी 'वृद्धाश्रम' म्हणाले तर म्हणतो, "केअर सेंटर म्हणा मॅडम." बरं बाबा. निघताना पाया पडले. म्हणाले, "गोळी घेतलीस?" नव्हती घेतली.

रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा फिरवला तिकडे. भला माणूस.

११ जाने., रवि.

दोन कप चहा केला सवयीने. दोन्ही मीच प्यायले.

टी.व्ही.चा आवाज नाही. अण्णा बातम्या एवढ्या मोठ्याने लावायचे की शेजारच्या पाटीलवहिनी म्हणायच्या, आम्हाला पेपर घ्यायची गरज नाही. किती चिडायचे मी. आज मीच लावल्या, तेवढ्याच मोठ्या.

गोळी घेतली.

१४ जाने., बुध. संक्रांत

ऑफिसातून लवकर निघून तिळगुळ घेऊन गेले. लाडू नरम केले होते, तरी अण्णांनी खिशातच ठेवला.

शेजारच्या पलंगावर आहेर आबा. देवळ्याचे. ऐंशीच्या पुढचे, हात थरथरतात, पण जीभ तिखट. कांदा कसा साठवायचा यावर मला वीस मिनिटं ऐकवलं. मी नाशिकरोडला फ्लॅटमध्ये कुठे साठवू कांदा? जाताना म्हणाले, "तुना सासरा भला माणूस शे. पण बॅग सोडस नही."

खरंच. बॅग तशीच भरलेली. कपाट रिकामं. मी म्हटलं कपडे लावून देते, तर म्हणाले, "महिन्याचं काम, कशाला उगाच?" चार दिवस संपले होते. मी बॅगेची चेन परत लावली.

१८ जाने., रवि.

प्लंबर आणून व्हॉल्व्ह बदलला. अण्णांना जाऊन सांगितलं. इतके खूश झाले! खिशातली वही काढून 'पेंडिंग १' वर रेघ मारली. मग दोनवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "घेते अण्णा, रोज घेते." "रोज?" "एक दिवस चुकली." रेघ नाही मारली.

पाय सुधारलाय. कॉरिडॉरमध्ये काठीशिवाय चार पावलं टाकून दाखवली मला. टाळ्या वाजवायला हव्या होत्या मी. मी काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

२५ जाने., रवि.

काय करून बसले मी आज.

रिक्षातून उतरले तर अण्णा गेटशी. बाकावर. बूट, कानटोपी, बॅग मांडीवर. वॉचमन म्हणाला, सकाळी सातपासून बसलेत, नाश्त्यालाही आत गेले नाहीत. मला बघून उभे राहिले, काठी न टेकता. "पाय बरा झाला. डॉक्टरांनी सांगितलं. चल."

डॉक्टरने खरंच तसं सांगितलं होतं. त्या डॉक्टरचं तरी काय चुकलं.

सांगायचं होतं. शप्पथ, तोंडापर्यंत आलं होतं. अण्णा, महिनाभर नाही, कायम. दिवसभर घर रिकामं असतं, मी तुम्हाला परत त्या फरशीवर बघू शकत नाही. एवढंच तर होतं. पण ते असे ताठ उभे, शाळा सुटलेल्या मुलासारखे, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "अण्णा, आहेर आबांकडे कोण बघणार? त्यांचे हात थरथरतात, रात्री पाणी कोण देणार? रिलीव्हर आलेला नाही."

"नाही आला?"

"नाही."

झालं. क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. कानटोपी काढली, बॅग उचलली, वळले. "मग आधी सांगायचं नाही का? पोस्ट रिकामी सोडून मी इथे बसलोय!" आत चालत गेले, भरभर. मी मागे.

२६ जाने., सोम.

सुटी. कालचं आठवून थोडी लाज, पण खरं सांगायचं तर हायसंच जास्त वाटलं. ओंकारला सांगितलं. "आई, भारी डोकं लावलंस." शोभाताईही म्हणाल्या, "बरं केलंस, त्यांचं मन रमेल." म्हणजे सगळ्यांनाच बरं वाटलं. मी आज शिरा केला स्वतःसाठी. बदाम घालून.

१ फेब्रुवारी, रवि.

अण्णा खुर्चीत ताठ. शर्टाची वरची गुंडी लावलेली, पायात बूट. आहेर आबांच्या उशाशी पाण्याचा तांब्या, झाकण घातलेला, वर घड्याळ. वहीत दर तासाला नोंद. 'आबा झोपले. नॉर्मल.' 'आबा पाणी प्यायले. नॉर्मल.' माझ्याशी फार बोलले नाहीत, लक्ष तिकडे. कामात आहेत, रुळले, असं वाटलं मला. बाकी डोळे लाल दिसत होते. म्हटलं धुळीने असतील, बागेत फवारणी चाललीय.

बघायचंच नव्हतं मला, दुसरं काय.

५ फेब्रु., गुरु.

कविता सिस्टरचा फोन, ऑफिसात. पेठकडची मुलगी आहे, एरवी कधी तक्रार नाही. "मॅडम, आजोबा झोपतच नाय. अकरा दिवस झाले. पलंगावर पाठ टेकत नाय. आम्ही म्हटलं नव्या जागेमुळं असंल. पण पाय लय सुजले, बूट काढू देत नाय. झोपेची गोळी दिली तर थुंकून टाकली. म्हणतात ड्यूटीवर गोळी घेत नसतात."

अकरा दिवस. मोजायची गरज नव्हती मला.

६ फेब्रु., शुक्र.

अर्धी रजा टाकून गेले. खुर्चीतच होते. मान पडत होती, पुन्हा उचलत होते. बुटाच्या वर घोटा टम्म फुगलेला, नाडी रुतलेली. आहेर आबा मला बघून चक्क रडले. "रातभर खुर्चीवर बसेल ऱ्हास वं माय. मी सांगस, दादा झोप, मी काय पळी जाणार शे? ऐकसच नही. त्याना मुळे माले बी झोप येस नही."

मी गुडघ्यांवर बसले. "अण्णा, पाच मिनिटं आडवे व्हा."

"रिलीव्हर आला?"

"कविता सिस्टर आहेत ना. त्या घेतील चार्ज."

"ती आठला जाते. तिची ड्यूटी वेगळी." मग माझ्याकडे नीट बघून, मलाच समजावत, "तू काळजी करू नकोस. सवय आहे मला. एकदा पुराने रस्ता बंद झाला होता, सलग तीन शिफ्ट केल्या. येतो माणूस. उशीर होतो कधी कधी, पण येतो."

बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. मी केलं हे. कुणी दुसऱ्याने नाही. ते बाथरूममध्ये पडले तो अपघात होता. हे मी केलं, हुशारी करून. वर शिरा खाल्ला.

७ फेब्रु., शनि.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात. त्यांना झोपवायचं तर कुणीतरी चार्ज घ्यायला हवा, आणि सही मानतील ते माझीच. पण सही झाली की शिफ्ट संपली. शिफ्ट संपली की माणूस बॅग उचलून घरी जातो. मग मी काय सांगणार? तिसरं खोटं? घरी आणलं तर सोमवारी साडेनऊला पुन्हा तेच, तीच फरशी. नाही आणलं तर कुठल्या तोंडाने…

शोभाताईंना फोन केला. वाटलं पुन्हा भांडण होणार. सगळं सांगितलं, बूट, सूज, माझं खोटं. मग म्हणाल्या, "लहानपणी आम्ही खिडकीत बसायचो गं. कॉलनीत सगळ्यांचे बाबा यायचे, आमचेच नाही. आई म्हणायची, रिलीव्हर आला नसेल, जेवून घ्या." आणि बाई हमसाहमशी रडायला लागल्या. मला वाटायचं हिला काही वाटतच नाही. उद्या येते म्हणाल्या. हंगामातून. बघू.

सुधीरनेही जाताना मला एवढंच सांगितलं होतं, "अण्णांकडे बघ." सही घेतली नव्हती. बापावर नव्हता गेला तो त्या बाबतीत.

८ फेब्रु., रवि. दुपारी

हे तिथेच बसून लिहितेय. आहेर आबांच्या आणि अण्णांच्या पलंगामधल्या खुर्चीत.

अकराला पोचले. शोभाताई अजून आलेल्या नाहीत. फोन आला होता, महामार्गावर द्राक्षांचे टेम्पो अडकलेत, येतेय. मी सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी चार्ज घ्यायला आलेय."

माझ्याकडे बघत राहिले. "तू?"

"हो. मीच रिलीव्हर."

वाटलं, हसतील, नाहीतर चिडतील. काही नाही. शर्ट ओढून नीट केला, वही काढली, पान उलटलं. लिहायला दहा मिनिटं लागली. हात आबांपेक्षा जास्त थरथरत होता. मग मला वाचून दाखवलं, उभं राहून, पलंगाचा दांडा धरून. 'आहेर आबा – साडेदहाला चहा, अर्धा कप. नॉर्मल. पंखा – आवाज करतो, चालतो. खिडकी – डावी कडी लावू नये, अडकते.' तिथे थांबले. वही माझ्या हातात दिली. "बाकीचं तू वाच."

खाली होतं:

'पेंडिंग – १) मंगल बी.पी.ची गोळी चुकवते. २) घरी कधी जायचे ते मंगल सांगत नाही. विचारू नये. तिला त्रास होतो.'

ही दोन नंबरची नोंद आज सुचलेली नव्हती. मागची पानं चाळली. रोज आहे. पार संक्रांतीच्या दिवसापासून, रोज नवीन पानावर उतरवून घेतलेली. म्हणजे मी गेटशी ते खोटं बोलले तेव्हाही वहीत होतंच हे. आणि तरी कानटोपी काढून आत गेले.

आहेर आबा म्हणाले, "सही कर वं पोरी. उभा राहीसन पडी जाईल तो."

केली. 'चार्ज घेतला. मंगल. ११.३५.'

मग त्यांनी मला बूट काढू दिले. नाड्या कात्रीने कापाव्या लागल्या. कविता सिस्टरने पाय उशीवर ठेवले. पाठ टेकल्या टेकल्या एवढंच म्हणाले, "जरा पडतो. मग बघू." दोन मिनिटांत घोरायला लागले. आबाही. सगळा कॉरिडॉर ऐकतोय.

आता चार वाजलेत. मध्ये जेवणाचं ताट आलं, मी परत पाठवलं. बॅग खालीच आहे, भरलेली. बूट पलंगाखाली जोडून ठेवले, नाड्या उद्या आणते नवीन. उद्या ऑफिस आहे. उद्याचं उद्या.

गोळी घेतली. एक नंबरवर मीच रेघ मारली.

दोन नंबर माझ्या गळ्यात आहे. ते उठतील आता. विचारणार नाहीत, तसं लिहूनच ठेवलंय त्यांनी. कुशीवर वळताहेत.